जुना मालक

नागसेन आज पुन्हा त्या घरी जाऊन आला, हे पौर्णिमाला त्याच्या पायांवरूनच कळलं. पोटऱ्यांपर्यंत चुन्याचे शिंतोडे उडाले होते आणि नखांत ओला पोपडा शिरला होता. दारात चपला काढत तो अगदी सहज बोलला, बाजारातून भाजी घेऊन आल्यासारखा.

"मागच्या भिंतीले चुना मारून राह्यले ते. म्या सांगतलं, पह्यले घासून घ्या, नाई त पोपडे सुटतीन. ओल हाये ना त्या भिंतीत."

"मंग कोणं घासली?" पौर्णिमानं विचारलं.

"मीच घासली. मजूर आलाच नाई आज."

ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. रागाचं काय करायचं हे तिला ठाऊक होतं. हे वेगळं होतं. जेवताना तोंडात केस यावा आणि जिभेनं तो काही केल्या काढता येऊ नये, तसं काहीतरी झालं होतं. नवरा समोर मोरीवर पाय धूत होता. त्या पायांवरून चुन्याचं पांढरं पाणी ओघळत होतं, आणि तिला तिकडे बघवत नव्हतं.

ते घर पौर्णिमाच्याच नावावर होतं. बाईच्या नावानं रजिस्ट्री केली तर खर्च कमी येतो, म्हणून नागसेननं तसं केलं होतं. हिंदी मुलखातल्या बालाघाट शहरात, गोंदिया रोडकडच्या वस्तीत तीन खोल्या, पुढे पोर्च, मागे बोअरवेल. गवंडी एकच लावला होता. विटा उचलण्यापासून सळया बांधण्यापर्यंत बाकी सगळं नागसेननं स्वतः केलं. तेव्हा तो दुसऱ्याच्या बसवर ड्रायव्हर होता. आठवडाभर लांजीच्या फेऱ्या मारायच्या आणि सुट्टीच्या दिवशी भिंतींना पाणी मारायचं. पुढे स्वतःची मिनीबस घ्यायचं ठरलं. त्यासाठी घर गहाण ठेवायचं होतं आणि सही पौर्णिमाची लागणार होती. ती तिनं केली. नुसती केली नाही. त्या दिवशी तिनं नवी साडी नेसली होती. लांजीजवळच्या माहेरी जाऊन चार बायकांत सांगितलं होतं, "आता आमची सोताची गाडी हाये." ते आठवलं की आजही तिची कानशिलं तापत.

बस नऊ महिने चालली. मग लॉकडाऊन लागला. गाडी दारात उभी राहिली आणि टायरांखाली गवत उगवलं. सगळं सुरू झालं तोवर रस्त्यावरची माणसं मोटरसायकलींवर जायला शिकली होती. हप्ते थकले, बस मिळेल त्या भावात विकली, तरी घर काही सुटलं नाही. तीन-चार वर्षं नोटिसा येत राहिल्या, आणि या फेब्रुवारीत फायनान्सची चार माणसं ताबा घ्यायला आली.

तो दिवस पौर्णिमा कुणाला सांगत नसे. सामान रस्त्यावर काढणं, शेजारच्या बायकांनी ओसरीत खुर्च्या टाकून बघणं, हे सगळं तिनं गृहीत धरलंच होतं. एक गोष्ट मात्र तिनं धरली नव्हती. सील लावायच्या आधी त्या चौघांतल्या एकानं, गळ्यात जाड चेन घातलेल्या तरण्या माणसानं, तिचा संडास वापरला आणि पाणी न टाकता बाहेर आला. मग स्वयंपाकघरातल्या भांडी घासायच्या जागी गुटख्याची पिचकारी मारली. पौर्णिमा पाण्याची बादली घेऊन आत जायला निघाली, तर तो म्हणाला, "अब अंदर नहीं जाना, माताजी." आणि कुलूप लावलं. आपलं घर आपल्याच हातानं स्वच्छ करून तरी द्यावं, एवढंही तिला करू दिलं नाही. कितीतरी दिवस भाताचा पहिला घास घेताना तिला ती पिचकारी दिसायची.

नंतर भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या. पाच बिऱ्हाडांत एक संडास, एक बाथरूम. सांत्वनाला नागसेनची बहीण आली, डोळ्यांना पदर लावून बसली, आणि उठताना म्हणाली, "आता एवढ्याशा जागेत कूलर कोठं ठेवसान, वैनी? मी नेते." जाताना ऑटोत कूलरच्या शेजारी बसून तिनं हातही हलवला.

लिलावात घर घेतलं ते भैयालालनं. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. बोलायला गोड माणूस. पहिला फोन त्यानं जूनमध्ये केला, बोअरच्या मोटरचा वॉल्व्ह कुठला ते विचारायला. नागसेननं फोनवर सांगितलं, मग म्हणाला, "रुकिए, मैं आके ही दिखाता हूँ." दुसरा फोन बिजलीच्या बोर्डासाठी आला. तिसऱ्यापासून फोनची गरज उरली नाही. हातात काम असेल तेव्हा नागसेन कुणाची गाडी चालवायला जायचा, आणि नसेल तेव्हा तिकडे.

"हॉलले गुलाबी रंग देल्ला," तो जेवताना सांगायचा. "पोर्चमंधी फरशी टाकून राह्यले. महागाची हाये. माणूस चांगला हाये, पौर्णिमा. गेलो का चाय पाजते."

"कशात देते चाय?"

नागसेननं तोंडातला घास चावून गिळला. "डिस्पोजलच्या कपात."

"अन् ते कशात पितेत?"

"आता तू बी ना," म्हणून त्यानं वरण मागितलं.

मुलगी खुशी बारावीत होती. ती घरात बहुतेक हिंदीच बोलायची. त्या वस्तीतली एक मैत्रीण तिच्याच वर्गात होती. एक दिवस खुशी शाळेतून आली ती बॅग टाकून भिंतीकडे तोंड करून बसली.

"मम्मी, पापा वहाँ नाली साफ कर रहे थे. रिया ने देखा. मुझसे पूछ रही थी, तेरे पापा वहाँ काम पे लगे हैं क्या?"

"मंग तू काय म्हणली?"

"मैंने बोला, हाँ." खुशीनं नाक ओढलं. "और क्या बोलती? फुकट में कर रहे हैं, ये बोलती?"

त्या संध्याकाळी पौर्णिमानं नवऱ्याला सरळ विचारलं, "काहून जाता तुमी तिथं? त्यायनं आपल्याले काय देल्लं?"

"देल्लं काय, घेतलं काय," नागसेन म्हणाला. "त्यायनं थोडीच घेतलं? त्यायनं त पैसे मोजून लिलावात घेतलं. त्यायनं नसतं घेतलं त दुसऱ्यानं घेतलं असतं. अन् हा माणूस मले विचारते तरी. विचारल्याबिगर भिंतीले खिळा ठोकत नाई."

त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. पौर्णिमा उठून बाहेर गेली आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला बसली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी भैयालालचा गृहप्रवेश होता. नागसेनला तारीख पाठ होती. मंडपवालाही त्यानंच ठरवून दिला होता. निमंत्रण मात्र आलं नव्हतं. तरी रविवारी सकाळी त्यानं पांढरा शर्ट इस्त्री करून घातला, केसांना तेल लावलं आणि मोबाइल समोर ठेवून बसला. दहा वाजले, अकरा वाजले. खुशी अभ्यासाच्या आडून बापाकडे बघत होती. पौर्णिमाला वाटत होतं, तो मोबाइल उचलून नाल्यात फेकून द्यावा.

बारा वाजता फोन वाजला. "जी, जी भैयालालजी. अभी आया," म्हणत नागसेन उठला. त्याचा चेहरा उजळला होता. "पाह्य, बलावलं का नाई? तू बी चाल ना. तुहंच घर होतं ते."

"मी नाई येत."

"पाव्हणचार हाये म्हणते," तो म्हणाला. हे भैयालाल म्हणाला नव्हता; पौर्णिमा शेजारीच उभी होती आणि तिनं फोनवरचं सगळं ऐकलं होतं. तिकडून फक्त "जरा जल्दी आ जाओ भाई" एवढंच आलं होतं.

अर्ध्या तासानं नागसेनचा फोन आला. आवाज दबका होता. "माहा जुना पँट अन् बनियान घेऊन ये. लवकर. इथं जरा काम निंगालं."

नऊ महिन्यांत पौर्णिमा त्या गल्लीत फिरकली नव्हती. आज कपड्यांची पिशवी घेऊन ती निघाली, ती एकदाच काय ते संपवायचं असं ठरवून. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. आधी तिला वाटलं, उघड्या गटाराचा असेल. मंडपाजवळ पोचली तेव्हा कळलं.

सकाळपासून शंभरेक पाहुणे आले होते आणि संडास तुंबला होता. पाणी उलटून बाथरूममधून पार गुलाबी हॉलच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. टाकी उपसणारी गाडी रविवारी मिळत नव्हती. शिवाय टाकी कुठे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. पोर्चमध्ये नवी फरशी बसवताना झाकण तिच्याखाली गेलं होतं. ते माहीत असलेला माणूस एकच होता.

नागसेननं चार फरश्या उखडल्या होत्या. झाकण सरकवून तो काठावर ओणवा झाला होता आणि बांबूची लांब कमची खाली घालून अडकलेला पाइप मोकळा करत होता. अंगावर फक्त चड्डी होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पँट खिडकीच्या ग्रिलवर टांगलेले होते. दोन्ही हात कोपरांपर्यंत भरले होते, छातीवर आणि गालावर शिंतोडे उडाले होते. भैयालाल लांब, मंडपाच्या खांबापाशी, नाकाला रुमाल लावून उभा होता. पाहुण्यांनी खुर्च्या उचलून रस्त्याच्या पलीकडे नेल्या होत्या आणि तिथे पुऱ्या खाणं चालू होतं.

पौर्णिमा पिशवी घेऊन ग्रिलच्या दाराकडे गेली.

भैयालालची बायको दुर्गाबाई ग्रिलच्या दारात मूठभर अगरबत्त्या घेऊन उभी होती. पौर्णिमाला बघून ती ओशाळली नाही, उलट तिला हायसं वाटलं. "अच्छा हुआ आप आ गईं. क्या करें बताओ, तीन लोगों को फोन किया, कोई आने को तैयार नहीं. फिर ये बोले, पुराने मालिक को बुला लो, वो कर देगा. आप लोगों में तो..." ती थांबली आणि पदर नाकावर ओढून अगरबत्त्या हलवू लागली.

अर्धं राहिलेलं ते वाक्य पौर्णिमानं मनात पुरं केलं. तिचा बाप महागू लांजीकडच्या एका खेड्यातला. तरुणपणी त्यानं गावाची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं. गावानं दोन वर्षं त्याला मजुरीला बोलावलं नाही. त्यानं किरनापूरच्या रस्त्यावर दगड फोडले, पण त्या कामाला पुन्हा हात लावला नाही. मरेपर्यंत तो एवढ्या एकाच गोष्टीचा अभिमान सांगायचा. आणि त्याचा जावई इथं, इस्त्रीचा शर्ट काढून ठेवून, कुणी जबरदस्ती केली नसताना.

"उठा," ती म्हणाली.

नागसेननं वर पाहिलं. घामानं डोळे मिचकावत तो म्हणाला, "दोन मिंट. झालंच. पाणी उतरून राह्यलं."

"खुशीचे बाबा, उठा म्हणते ना मी."

"अवं, टाकी म्या बांधली हाये. दुसऱ्या कोणं हात लावला त स्लॅब फुटल. त्याले मालूम नाई, आतमंधी आडवी भिंत हाये म्हणून." तो खरोखर तिला समजावत होता. घाणीनं माखलेल्या त्या चेहऱ्यावर मघाचंच समाधान होतं. पौर्णिमाला वाटलं, या माणसाला आपण ओळखतच नाही.

खाली गडगड झाली आणि पाइप मोकळा झाला. रस्त्यापलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नागसेननं झाकण सरकवलं, फरश्या होत्या तशा जागेवर मांडल्या, आणि हात अंगापासून लांब धरून बाथरूमकडे वळला.

"अरे नहीं नहीं, उधर नहीं," भैयालाल घाईनं म्हणाला. "उधर पूजा का सामान रखा है. यहीं पाइप से धो लो." त्यानं बागेच्या नळाचा पाइप पायानं पुढे सरकवला. मग खिशातून पाचशेची नोट काढली आणि कठड्यावर ठेवून वर एक खडा ठेवला. "रख लेना भाई. और खाना पैक करवा देता हूँ."

नागसेन पाइपाखाली उकिडवा बसला होता. पहिल्यांदा त्याची मान खाली गेलेली पौर्णिमानं पाहिली. रस्त्यापलीकडची माणसं पुऱ्या खात बघत होती. तिनं ग्रिलवरचे कपडे ओढले, नवऱ्याच्या दंडाला धरलं, बोटं त्या घाणीत बुडाली तरी धरलं, आणि त्याला उठवलं.

"भैयालालजी," ती हिंदीत म्हणाली, "खाना अपने मेहमानों को खिलाइए."

एवढंच तिला सुचलं. नंतर कितीतरी दिवस तिला याहून चांगली, झोंबणारी वाक्यं सुचत राहिली. पण तेव्हा एवढंच बोलून, पिशवीतले जुने कपडे त्याच्या अंगावर चढवून ती नवऱ्याला घेऊन निघाली. फाटकापाशी तिनं एकदा मागे पाहिलं. कठड्यावर नोट तशीच होती. घरातला गॅस परवाच संपला होता.

एकाही ऑटोनं त्यांना घेतलं नाही. एकानं थांबून वास घेतला आणि गाडी पुढे काढली. मग ऐन दुपारी, दुकानांसमोरून, दोघं चालत आली. नागसेन दोन पावलं मागून चालत होता.

खोलीवर घरमालकीण दारातच होती. "इनको बाथरूम में मत ले जाना हाँ, सबका है," तिनं बजावलं. पौर्णिमानं त्याला मागच्या बाजूला, उन्हात, दगडावर बसवलं. खुशी बादल्या आणून ठेवत गेली. साबणानं भागेना, म्हणून पौर्णिमानं कपडे धुवायची पावडर घेतली आणि त्याला पाठीपासून घासायला सुरुवात केली. त्यात माया नव्हती. भांडं खरवडावं तशी ती घासत होती. मधेच तिला उलटी झाली. भिंतीशी जाऊन ती ओकली, चूळ भरली आणि परत येऊन घासू लागली.

तिसरी बादली ओतल्यावर नागसेन बोलला. "तिथं गेलो का मले वाटते, घर आपलंच हाये. ते लोक पाव्हणे हायेत. थोडे दिस राह्यतीन अन् जातीन." पाणी डोक्यावरून ओघळत होतं, त्यामुळे तो रडतो आहे का हे कळत नव्हतं. "इथं मी कोणाचा कोणी नाई, पौर्णिमा. नळ बिघडला त बी दुसऱ्याले विचारा लागते. तिथं मले समदं मालूम हाये. कोणती भिंत ओली हाये, कोठं वायर हाये. त्याच्या मोबाइलमंधी माहं नाव 'पुराना मालिक' असं हाये. म्या पाह्यलं एक डाव. मले लय बरं वाटलंतं."

पौर्णिमानं त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं.

"आज त्यानं पाइप पायानं सरकवला," तो म्हणाला. मग, "तुले माही किळस येते का?"

खुशी बादली घेऊन उभीच राहिली.

"हौ," पौर्णिमा म्हणाली. "येते." तिनं त्याचा हात हातात घेऊन नखांतली घाण काडीनं काढायला सुरुवात केली. "माही बी येते. सही म्याच केलती, नवी साडी नेसून. अन् आज ते नोट पाहून म्या मागं वळून पाह्यलं. मले वाटलं, उचलावं का."

नागसेननं तिच्याकडे पाहिलं. नऊ महिन्यांत ती दोघं त्या घराबद्दल पहिल्यांदाच खरं बोलली होती.

पुढचे तीन दिवस नागसेनला ताप होता. त्या आठवड्यात भैयालालचा फोन दोनदा आला. दुसऱ्यांदा पौर्णिमानं उचलला. "बस इतना पूछना था कि..." तो म्हणाला. "उनको कुछ नहीं मालूम," ती म्हणाली आणि फोन ठेवला. खुशीनं तो नंबरच ब्लॉक करून टाकला. डिसेंबरात नागसेनला किरनापूरवरून लांजीला जाणाऱ्या एका बसवर ड्रायव्हरचं काम मिळालं. पगार बेताचा होता. तो तिकडे पुन्हा गेला नाही. कधी कधी संध्याकाळी खोलीत नुसता भिंतीकडे बघत बसायचा, आणि पौर्णिमा त्याला बसू द्यायची.

महिनाभर ती त्याचं ताट वेगळं, दोनदा घासत होती. हे त्याला दिसत होतं. मग एके दिवशी भांडी पालथी घालताना तिच्या लक्षात आलं की आज आपण ते वेगळं घासलंच नाही. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. दुर्गाबाईच्या त्या अर्ध्या वाक्याची किळस मात्र तशीच राहिली, आणि ती जावी असं पौर्णिमाला वाटतही नव्हतं.